हवालदारमामांची पोस्टकार्डं

शाळेच्या स्मरणिका समितीच्या पत्रात ‘माझे आवडते शिक्षक’ या विषयावर लिहा असं सुचवलं होतं. शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. आमच्या गणिताच्या सरांवर तर तीन-चार लेख येणारच. मी शाळेच्या शिपायावर लिहितो आहे, समितीनं चालवून घ्यावं.

माझी बॅच १९८६ च्या दहावीची. आमच्या काळातल्या मुलांना हवालदारमामांचं खरं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही. हेडसरसुद्धा त्यांना ‘हवालदार’ म्हणूनच हाक मारत. मामा शिरोळ तालुक्यातले. त्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, तिथं घरटी एक माणूस फौजेत असणं ही काही सांगण्याची गोष्ट नसते. चीनच्या युद्धानंतर मोठी भरती निघाली होती, त्यात १९६३ साली मामा लागले. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला ट्रेनिंग झालं आणि पुढं पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. पंधरा वर्षं भरल्यावर हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मुलींच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात, शाळेमागच्या बोळात, दोन खोल्या घेतल्या आणि आपल्या शाळेत शिपायाची नोकरी धरली.

घंटा त्यांच्या हातात होती. शाहू मिलच्या भोंग्यावर अख्खी मंगळवार पेठ घड्याळं लावायची, पण मामांचा त्यावर विश्वास नव्हता. ते आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळ लावत.

आम्ही बोर्डिंगची पोरं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली म्हणून आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना शहरात शिकता आलं, हे भाषणात नेहमी येतं. तिथं पहिल्या वर्षी पोरं रात्री रडतात, हे मात्र कुणी बोलत नाही. मामांना ते ठाऊक असावं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बोर्डिंगच्या मुलांना ते व्हरांड्यात बसवून घेत. स्वतःच्या पैशानं आणलेल्या पोस्टकार्डांची चळत पुढ्यात असायची.

“लिवा घरला.”

काय लिहायचं हा प्रश्नच असायचा. ‘मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ एवढं लिहून आम्ही कार्ड पुढं सरकवायचो. मामा ते वाचून परत द्यायचे. त्यांचा नियम ठरलेला होता. तब्येत लिहायची, काय जेवलो ते लिहायचं, आणि शेवटी घरच्यांना एक तरी प्रश्न विचारायचा. तोही नुसता ‘कसे आहात’ असला चालायचा नाही. म्हैस व्याली का, आज्जीचा डोळा कसा हाय, विहिरीला पाणी कुठवर आलं, असा प्रश्न पाहिजे. “प्रश्न न्हाई इचारला तर त्यास्नी उत्तर द्यायला काय कारण?” असं त्यांचं म्हणणं. पुढं नोकरीत मी हजारो पत्रं लिहिली आणि वाचली, पण पत्रव्यवहाराबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

आम्हाला अर्थातच लढाई ऐकायची असायची. कार्डं लिहून झाली की आम्ही त्यांना एकाहत्तरच्या बांगलादेश युद्धावर आणायचो. मामा सांगायचे, पण त्यांच्या पद्धतीनं. मेघालयाच्या बाजूनं खाली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, उतरायचं, ब्रह्मपुत्रा ओलांडायची आणि जामालपूरच्या दक्षिणेला टांगाइलकडं जाणारा रस्ता अडवून बसायचं, हे पलटणीचं काम होतं. शहरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण. आपल्या ब्रिगेडियरनं त्यांच्या कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांचा, एक माणूस ती घेऊन गेला. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीला कागद गुंडाळून. इथं आम्ही श्वास रोखून बसलेलो.

“गोळी बांधून का असंना, पण उत्तर दिलं गड्यानं,” मामा म्हणायचे. “तुम्ही लेकानो दोन-दोन म्हैने घरच्या पत्राला उत्तर देत न्हाईसा.”

झाली लढाई! पुढचं आम्हाला ओढून काढावं लागायचं. १० डिसेंबरच्या रात्री बलुच वेढा फोडून बाहेर पडायला आले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर. रात्रभर गोळीबार चालला आणि ११ तारखेला सकाळी जामालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलजवळ २ पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण आभाळातून उतरली आणि दुसऱ्या दिवशी पुंगलीच्या पुलावर दोन्ही पलटणी भेटल्या. ही २ पॅरा म्हणजे १९५२ पर्यंतची तिसरी मराठा. हे सांगताना मात्र मामांचा आवाज चढायचा. घरातून वेगळा झालेला भाऊ जत्रेत भेटावा तसं ते पुलावरचं सांगत. कुणाला मारलं का, हा आमच्यातल्या एकाचा प्रश्न मामांनी दर वेळी न ऐकल्यासारखा केला.

त्यांच्या घरी मी बरेचदा जायचो, कारण धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. मामींना संधिवात. बोटं वाकलेली, सकाळी तर तांब्यासुद्धा धरवत नसे. मधल्या सुट्टीची घंटा देऊन मामा तडक बोळातून घरी जात आणि भाकरी थापत. लंगरखान्यात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, शिकलो म्हणायचे, पण लंगरात कुणी ज्वारीची भाकरी थापायला शिकवत असेल असं मला वाटत नाही. दर शुक्रवारी मामींना सायकलच्या कॅरिअरवर बसवून अंबाबाईला न्यायचे. महाद्वार रोडच्या गर्दीत हा सहा फुटी माणूस सायकल हातात धरून चालतोय आणि मामी मागं बसून दुकानं बघताहेत, हे पेठेतल्या पुष्कळ लोकांनी पाहिलंय. त्या काळी बायकोची अशी उठबस करणाऱ्या पुरुषाला लोक हसत. मामांना कुणी तोंडावर हसलं नाही. त्याला त्यांची उंचीही कारण असेल.

पत्रांचं मूळ मामींकडून कळलं. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याचं पत्र आलं की पोस्टमन पारावर उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवायचा, चार माणसं ऐकायला असायचीच. “मग ह्यो काय लिवणार? पाऊस हाय, जेवतोय, झोपतोय,” मामी म्हणायच्या. शेवटी मामांनी वार्षिक सुट्टीवर आल्यावर बायकोला पाटीवर मुळाक्षरं शिकवायला घेतली. सासूनं आकांत केला म्हणे. दोन-तीन सुट्ट्यांत मामी वाचायला लागल्या. एकाहत्तरच्या डिसेंबरात पत्रं थांबली. जानेवारीत एक आंतरदेशीय आलं, पत्त्यात ९९ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं पोस्ट, असलेलं. त्यांनी ते पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि परड्यात जाऊन एकट्यानं वाचलं.

मामा गेल्यावर मुलींनी ते पत्र मला दाखवलं. जामालपूरचा त्यात उल्लेख नाही. पायाला फोड आलेत, आता बरे आहेत, एवढीच स्वतःबद्दलची ओळ. बाकी सगळे प्रश्न. थोरलीला देवीची लस टोचली ती उठली का? सोसायटीचा हप्ता कुणी भरला? आईचा खोकला? रात्री निजताना दाराला आतून कडी घालतेस ना? आणि खाली, जागा संपत आल्यानं बारीक अक्षरात: तू ‘ळ’ अजून उलटा काढतेस, तो सुलटा काढ.

मामांच्या तिन्ही मुली आपल्याच शाळेत शिकल्या. थोरली नर्स झाली, मधली शिक्षिका. धाकटी पोस्टात लागली, याचं मामांना जरा जास्तच कौतुक होतं. एकाहत्तरच्या युद्धाची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम’ ही दोन पदकं त्यांनी शाळेत एकदाच लावल्याचं आठवतं. तो २६ जानेवारी होता आणि हेडसरांनी आदल्या दिवशी तशी आज्ञाच केली होती. झेंडावंदन झाल्यावर पदकांसकट जिलेबीचं पातेलं उचलून ते वर्गावर्गात फिरले.

हे लिहिण्याआधी मी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन रौप्यमहोत्सवी स्मरणिका चाळली. शेवटच्या पानांवर शिक्षकांची यादी आहे, रुजू झाल्याच्या सालासकट. शिपाई आणि लिपिक त्यात नाहीत. मामा तेव्हा शाळेत नोकरीला होते, त्या समारंभाच्या खुर्च्या त्यांनीच लावल्या होत्या. त्यांचा फोटो, नोकरीची सालं आणि मुलींचा पत्ता मी कार्यालयात देऊन ठेवला आहे. यंदाच्या यादीत शिपायांची नावं येणार आहेत का?