लॉनमधलं तण: आधी ओळखलं, मग काढलं – माझा अनुभव

लॉन लांबून हिरवंगार दिसत असलं की आपण खूश असतो, पण पावसाळा सुरू झाल्यावर खाली बसून नीट बघितलं तर निम्मं हिरवं गवताचं नव्हतंच. मग ठरवलं की दिसेल ते उपटत सुटायचं नाही, आधी काय काय उगवलंय ते ओळखायचं. मला विचाराल तर अर्धं काम तिथेच होतं, कारण प्रत्येक तणाचा जीव वेगळ्या जागी असतो.

सगळ्यात त्रासाचा लव्हाळा. हा गवतच वाटतो, पण कापणी झाली की दोन-तीन दिवसांत बाकीच्या लॉनच्या वर डोकं काढतो, रंग जरा गडद हिरवा आणि पान चकचकीत. खात्री करायची तर दांडा बोटांत धरून फिरवायचा, लव्हाळ्याच्या दांड्याला तीन कडा असतात आणि त्या बोटाला लगेच लागतात, गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. खुरप्याने खोल उकरलं तर खाली काळपट गाठी, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या. वरून ओढलं की पात हातात येते आणि गाठी मातीतच राहतात, मग त्याच गाठीवरचे दुसरे डोळे फुटतात. म्हणून मी पाऊस पडून माती मऊ झाली की वीतभर खोल खणून गाठी वेचायचे, आणि नवीन कोंब दिसला की लगेच काढायचे, कारण प्रत्येक फुटीला गाठीतला साठा खर्च होतो आणि कोंबाला मोठं होऊच दिलं नाही तर नवीन गाठीही धरत नाहीत. चिकाटी लागते हो, पण हळूहळू फरक दिसतोच.

आंबुशी त्यामानाने सोपी, तीन हृदयाच्या आकाराची पानं, छोटं पिवळं फूल. फक्त शेंगा यायच्या आत काढायची! शेंगा पिकल्या की नुसता हात लागला तरी फट्कन फुटतात आणि बी लांब उडतं, माझ्या हातावर, बाहीवर सगळीकडे बारीक बी चिकटलं होतं. खोड जमिनीवर पसरून जागोजागी मूळ धरतं त्यामुळे एका बाजूने ओढलं तर तुटतं, आधी फांद्या गोळा करून मधलं मूळ शोधायचं.

नायटी म्हणजे दुधी नावाचं तण (भोपळा नव्हे), तोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर फार चुरचुरतं म्हणून हातमोजे घालाच. एकदांडी आणि घोळ पण होते, त्यात घोळ उपटून तिथेच टाकायचा नाही, त्याचा तुकडासुद्धा ओल्या मातीत परत रुजतो.

तण मारायच्या औषधाचं विचाराल तर मी ते फक्त हाताबाहेर गेलेल्या पट्ट्यातच वापरलं. २,४-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, लव्हाळ्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, त्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल लागतं आणि तेही सावकाश काम करतं, पिवळं पडायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. ग्लायफोसेट लॉनवर अजिबात नको, ते गवतालाही मारतं. आणि आपल्या जातीच्या लॉनला औषध चालतं का हे लेबलवर बघितल्याशिवाय डबा उघडूच नका, काही जातींना २,४-डी सोसत नाही. वारा नसताना फवारायचं नाहीतर शेजारचे गुलाब, टोमॅटो वाकडे होतात, आणि फवारा वाळेपर्यंत मुलं, कुत्रा-मांजर कोणीच तिथे नको.

पण खरा फरक पडला तो कापणी आणि पाण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. लॉन अगदी बुडापासून खरवडलं की मातीवर ऊन पडतं आणि तणाच्या बिया उगवतात. मी मशीनचं पातं वर केलं, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही हे पाळलं, रोज थोडं थोडं पाणी मारण्याऐवजी माती वाळू देऊन मग भरपूर द्यायला लागले. तण काढून जिथे टक्कल पडलं तिथे त्याच दिवशी गवताचे तुकडे लावले, मोकळी जागा ठेवली की तण परत येतंच येतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्यायचं, अर्धवट कुजलेल्यातून ढीगभर बी येतं. बाहेरून माती आणली तर चाळून बघायची, लव्हाळ्याच्या गाठी बऱ्याचदा तिच्यातूनच येतात.

आता लव्हाळा फक्त नळाजवळच्या कोपऱ्यात उरलाय, तिथे पाणी साचतं म्हणून आधी निचरा करून घेतेय. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकत नाही, फरशीवर कडक उन्हात पसरते आणि पार सुकल्या की मगच कचऱ्यात देते.