सहासष्टच्या मस्टँगची वही

नोव्हेंबर, पहिला हिवाळा

मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की ही गाडी थेट एप्रिलपर्यंत आत. १९६६ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप (पक्क्या छपराची). चॅसी नंबरची सुरुवात ६एफ०७सी. म्हणजे वर्ष ६६, कारखाना डिअरबॉर्न, हार्डटॉप बॉडी आणि २८९ क्युबिक इंचांचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-८. कागदावर २०० हॉर्सपॉवर. कुठलाही पार्ट मागवण्याआधी हा नंबर वाचायचा. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाकं चार बोल्टची, व्ही-८ ची पाच. स्टीअरिंगचे सांधे आणि मागचा ॲक्सलही वेगळा.

एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावीशी वाटते. फोर्डने हे छोटं व्ही-८ नव्वदच्या दशकापर्यंत जवळपास त्याच बाहेरच्या मापात बनवलं. म्हणून १९९० चा गिअरबॉक्स सहासष्टच्या गाडीत जातो, आणि म्हणूनच चुकीचा पार्टही बिनबोभाट बसतो. बोल्ट बसला म्हणजे पार्ट जुळला असं होत नाही. फरक आत असतो.

सुरुवात काउलपासून, म्हणजे विंडशील्डखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीपासून. विंडशील्डखालच्या जाळीतून शिरलेलं पाणी काउलच्या पोटातून दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. आत हवेच्या नळकांड्याच्या बुडाशी पत्रा गंजला की तेच पाणी पायाशी येतं. कार्पेट काढायचं, जाळीवर बादलीभर पाणी सावकाश ओतायचं आणि टॉर्च घेऊन डॅशखाली बघायचं. पॅसेंजरच्या बाजूची गळती हीटरच्या डब्याआड लपते, तो काढल्याशिवाय तपासणी पुरी नाही. वरचा पत्रा स्पॉट वेल्डचा. एकेक वेल्ड ड्रिल करून सोडवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण काउल गळका ठेवून खाली नवा फ्लोअर टाकण्यात अर्थ नाही.

मग सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीखालचे पुढचे आणि मागचे रेल जोडणारे लोखंडी दांडे. या गाडीचे पुढचे आणि मागचे रेल एकमेकांना जोडलेलेच नाहीत. मधला भार फ्लोअर आणि दाराखालचे रॉकर पेलतात. कनेक्टर वेल्ड करताना गाडीचं वजन चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या स्टँडवर हवं. बॉडीखाली जॅक लावून वेल्ड केलं तर त्या क्षणीचा वाकलेला आकार कायमचा होतो आणि दारं लागेनाशी होतात. दारांच्या फटी आधी मोजायच्या, टॅक (तात्पुरते वेल्ड) मारल्यावर पुन्हा मोजायच्या. पुढचा एक्स्पोर्ट ब्रेस (शॉक टॉवर फायरवॉलला बांधणारा आधार) बसत नसेल तर दोष बहुधा ब्रेसचा नसतो. इतक्या वर्षांत शॉक टॉवर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन पेलणारे पत्र्याचे खांब, आत झुकलेले असतात. ते हळूहळू जॅकने फाकवायचे; ब्रेसची भोकं मोठी करायची नाहीत.

मार्च

ब्रेक. सहासष्टपर्यंत मास्टर सिलिंडर एकाच टाकीचा होता. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी हेच काम. १९६७ पासूनचा दुहेरी मास्टर सिलिंडर त्याच फायरवॉलवर बसतो, फक्त नळ्या नव्या वळवाव्या लागतात. पण ड्रमसाठी बनवलेल्या सिलिंडरच्या तोंडात रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो नळीत साधारण १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब कायम ठेवतो. ड्रमच्या स्प्रिंगा जोरदार, म्हणून तिथे तो दाब चालतो. पुढे डिस्क लावल्या तर तोच दाब पॅड डिस्कला चिकटवून ठेवतो. डिस्क तापून निळी पडते आणि कारण बाहेरून कुठेच दिसत नाही. डिस्कसाठी डिस्कचाच सिलिंडर घ्यायचा. त्याची टाकीही मोठी असते, कारण पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये जास्त तेल जातं.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये १/१६ इंच मोकळीक ठेवायची. ती नसली तर तेल परतण्याचं बारीक भोक बंद राहतं आणि पुन्हा पॅड चिकटतात. मागच्या ड्रमच्या नळीत ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) हवाच. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. रिकाम्या जागी, कमी वेगात, पुढची चाकं नेहमी आधी लॉक होतील असं जुळवायचं.

दुसरा हिवाळा

वरचे कंट्रोल आर्म (पुढची चाकं धरणारे सस्पेन्शनचे हात) १ इंच खाली आणि १/८ इंच मागे सरकवणे, म्हणजेच शेल्बी ड्रॉप. खर्च टेम्प्लेट आणि ड्रिलचा, फरक मात्र कुठल्याही महागड्या शॉकपेक्षा मोठा: वळणावर गाडी कलली तरी बाहेरचं चाक रस्त्यावर सपाट राहतं. १ इंचापेक्षा खाली गेलात तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) अडतो. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, त्यामुळे स्प्रिंग दाबायला टॉवरमधून आत जाणारा कंप्रेसरच वापरायचा; बाहेरून पकडणारा भाड्याचा इथे धोकादायक आहे. अलाइनमेंटवाल्याला कारखान्याचे आकडे द्यायचे नाहीत, ते जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरचे आहेत. रेडियलसाठी कास्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दोन ते तीन अंश पॉझिटिव्ह, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अर्धा अंश निगेटिव्ह, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळणं) १/८ इंच.

तिसरा हिवाळा

तीन गतींचा सी-४ ऑटोमॅटिक काढून टी-५. फॉक्स-बॉडी (१९७९ ते ९३ च्या) मस्टँगचा हा पाच गतींचा गिअरबॉक्स: पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३५, पाचव्याचं ०.६८. ‘बसतं पण जुळत नाही’ याचा खरा धडा इथे मिळतो.

फ्लायव्हील. २८९ चा क्रँक बाहेरून, म्हणजे फ्लायव्हील आणि पुढच्या बॅलन्सरवरच्या वजनाने, बॅलन्स केलेला आहे, २८ औंस-इंचांचा. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटरचा ५० औंस-इंचांचा. दोन्ही फ्लायव्हीलना १५७ दात, क्रँकच्या बोल्टची मांडणी एकच. गिअरबॉक्सबरोबर आलेला फ्लायव्हील विनातक्रार चढतो आणि इंजिन सुरू होताच सगळी गाडी थरथरते. असं चालवत राहिलं तर मेन बेअरिंग जातात. पुढच्या बॅलन्सरलाही हाच नियम.

ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारा) नसतो, तो ठोकून बसवायचा. बेलहाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाचं) भोक क्रँकच्या मध्याशी ०.००५ इंचाच्या आत जुळलेलं हवं. डायल गेज फ्लायव्हीलवर लावून इंजिन हाताने फिरवायचं. जास्त आलं तर ऑफसेट डॉवेल पिन, त्या बेलहाउसिंग किंचित सरकवतात. हे टाळलं की गिअर अडखळतात आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

तेल: वर्ल्ड क्लास टी-५ ला (टी-५ ची सुधारित आवृत्ती) एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ५.६ पिंट. जाड गिअर ऑइल घातलं तर सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) अस्तराची वाट लागते.

पुढचा हिवाळा

आता इंजिन. टायमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) हात लावण्याआधी क्रँकच्या पुढचा बॅलन्सर तपासायचा: त्याचं रबर जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि टायमिंगची खूण खोटी ठरते. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टनचं सर्वांत वरचं स्थान) काढायचा. मग सुरुवातीचं टायमिंग १० ते १२ अंश, ३००० आरपीएमला एकूण ३४ ते ३६.

ॲल्युमिनियमची हेड आवडतात, वजन उतरतं आणि श्वास मोकळा होतो. पण मूळ हेडची चेंबर ५४.५ सीसी, नव्यांची बहुधा ६०. कागदावरचं ९.३ कॉम्प्रेशन ८.७ वर येतं. म्हणजे पैसे देऊन कॉम्प्रेशन घालवायचं, नाहीतर चेंबर लहान करून घ्यायची किंवा पिस्टनचा विचार करायचा. सहासष्टच्या मध्यावर फोर्डने रेल रॉकर (कडांनी व्हॉल्व्हच्या टोकावर स्थिर राहणारे) आणले. ते गाइड प्लेटवाल्या (पुशरॉडला पट्टीने जागेवर धरणाऱ्या) हेडवर चालत नाहीत. पुशरॉड हार्डन केलेल्या हव्यात, आणि लांबी अंदाजाने नाही, चेकरने मोजून.

फ्लॅट टॅपेट कॅम (रोलर नसलेला, टॅपेट थेट घासणारा) असेल तर झिंक जास्त असलेलं तेल, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएम, आयडल नाही. कॅमला तेल क्रँकच्या फेकण्यातून मिळतं, आयडलला ते पुरत नाही आणि लोब घासून सपाट होतात. म्हणून टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच पक्कं हवं. फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८. ५.० एचओ इंजिनाचा कॅम घेतला तर १-३-७-२-६-५-४-८, वायरी त्याप्रमाणे. जुन्या क्रमात ७ आणि ८ शेजारी असून लागोपाठ पेटतात, त्यांच्या वायरी समांतर न्यायच्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मोड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट द्यायचे. गाडीतली गुलाबी वायर रेझिस्टरची आहे.

कार्ब्युरेटर: २८९ गुणिले ६००० आरपीएम, भागिले ३४५६, म्हणजे सिलिंडर १०० टक्के भरला तरी ५०२ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). ६०० चा भरपूर झाला. ७५० ने खालची ओढ जाते.

यंदा

मागचा ८ इंची ॲक्सल. २.८० च्या गिअरवर पाचव्यात ताशी ६० मैलांना २५ इंची टायरने जेमतेम १५३५ आरपीएम, इंजिन दबतं. ३.५५ ने १९५० च्या आसपास. तिसरा मेंबर (ॲक्सलचे गिअर धरणारा मधला भाग) पुढून निघतो, टेबलावर आरामात जुळवता येतो. बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) ०.००८ ते ०.०१२ इंच, आणि रंग लावून दातांवरचा ठसा बघितल्याशिवाय बंद करायचा नाही. पहिले १५-२० मैल हलक्या पायाने, मग पूर्ण गार होऊ द्यायचा. ५०० मैलांना तेल बदल.

स्पीडोमीटरही आता खोटं सांगेल. टी-५ मध्ये ७ दातांचा ड्राइव्ह गिअर आहे; ३.५५ आणि मैलाला टायरचे ८०७ फेरे धरले तर उत्तर २०.०५ येतं. म्हणून २० दातांचा प्लास्टिकचा गिअर मागवायचा आहे.