काळ्यावर पांढरं

सलूनमध्ये गळ्याभोवती बांधतात ते कापड काळं का असतं, हे मला अजून कळलेलं नाही. कापलेले केस त्यावर दिसत नाहीत म्हणावं, तर माझे आता तेवढे काळे राहिलेले नाहीत. परवा दुपारी त्या कापडावर माझ्या डोक्यातून जे भुरभुरलं ते बाकावरच्या चौघांपैकी दोघांना दिसलं. उरलेल्या दोघांसाठी कारागिराने जाहीर केलं, "काका, कोंडा लई झालाय. मसाज मारून टाकू का?"

मी नको म्हणालो. दर डिसेंबरात तो विचारतो, दर डिसेंबरात मी नको म्हणतो.

दिवाळीची अभ्यंगस्नानं उरकली की थेट होळीपर्यंत मी गडद शर्ट घालत नाही. बदामी, राखाडी, फार तर चौकडा. अपवाद फक्त संक्रांतीचा, तोही घरच्यांच्या आग्रहाखातर. ऐन जानेवारीत काळे कपडे घालायची प्रथा ज्याने पाडली त्याच्या डोक्यात कोंडा नसणार. काळ्यावर पांढरं खुलून दिसतं म्हणतात, पण ते हलव्याच्या दागिन्यांबद्दल.

हा वारसा वडिलांचा. ते निफाडला वकील होते. थंडीत निफाडचा पारा पेपरात येतो, कधी सहा अंश, कधी पाच. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जिथे द्राक्षाच्या सालीचा निभाव लागत नाही तिथे वकिलाच्या टाळूची काय कथा! त्यात धंद्याचा कोट काळा. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचाच, १८ जानेवारी १८४२ चा. त्यांचा विषय निघाला की वडील म्हणायचे, "त्यांचं बरं होतं, पगडी होती."

खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं. आमच्याकडे ते दिवाळीनंतर जे थिजायचं ते महिनोन्‌महिने तसंच. रविवारी सकाळी बाटली अंगणाच्या भिंतीवर उन्हात, आणि शेजारी आम्ही, उघड्या अंगाने कुडकुडत. ऊन बाटलीपर्यंत पोचायला नऊ वाजायचे. तोवर धीर सुटला की बाटलीच्या अरुंद तोंडातून खराट्याची काडी घालून ढवळायची. निम्मं तेल काडीला, निम्मं बोटांना. मग आई मांडीत डोकं धरून ते अशी जिरवायची की डोळ्यांसमोर तारे. त्यावर बंबातलं कढत पाणी. पाणी जितकं कढत तितकी आंघोळ खरी, असा घराचा कायदाच होता. दही झालं, लिंबू झालं, भिजवलेल्या मेथ्या वाटून झाल्या, कडुनिंबाचा पाला उकळून झाला. दोन दिवस बरं वाटायचं. "स्थगिती मिळते, निकाल लागत नाही," हे वडिलांचं मत.

रोज सकाळी साडेदहाला आई दारात कपड्यांचा ब्रश घेऊन उभी असायची. "अहो, थांबा." वडील कागदपत्रं बगलेत धरून निमूट पाठ करायचे. आधी डावा खांदा, मग उजवा, मग कॉलरच्या मागे. तेवढ्यात वडिलांचा हात सवयीने डोक्याकडे जायचा, की आई ओरडायची, "खाजवू नका!" कोपऱ्यावर पोचेपर्यंत खांद्यांवर पुन्हा पीठ सांडलेलं असायचं, पण ते आईच्या हद्दीबाहेर.

मागच्या हिवाळ्यात शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आपण सरसकट कोंडा म्हणतो त्यात दोन प्रकार असतात म्हणे. टाळू नुसती कोरडी पडली असेल तर बारीक, पांढरं पडतं. अशा माणसाच्या हातापायावरही नखाने पांढरी रेघ उमटते. त्याला आंघोळीआधी तासभर तेल चालतं, आणि पाणी कोमट हवं. दुसरा चिकट, पिवळसर; त्यामागे मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात. ती जवळजवळ प्रत्येकाच्याच टाळूवर असते, टाळूच्या तेलावर जगते, आणि काहीजणांना ती मानवत नाही. "मग वरून तेल लावलं तर?" "तिची सोय होते," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या डोक्यात दुसरा प्रकार निघाला. म्हणजे आमच्याकडे इतकी वर्षं दर रविवारी पंगत उठत होती.

त्यांनी कीटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, आणि फेस डोक्यावर पाच मिनिटं ठेवायचा. लावून लगेच धुतला तर उपयोग नाही. थंडीत ओल्या अंगाने, डोळे मिटून पाच मिनिटं उभं राहून माणसाने करायचं काय? मी पाढे म्हणतो. एकोणीसच्या पाढ्यात अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून घेतो, त्यामुळे वेळ बरोबर भरतो. फरक आहे, नाही असं नाही. मग बरं वाटतंय म्हणून मी तीन आठवडे शाम्पू विसरतो, आणि मग सलूनवाला आहेच.

वडील गेले त्या वर्षी त्यांचे कोट आईने लाँड्रीतून आणून ठेवले होते. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक मुलगा भेटायला आला, तेव्हा त्यातला एक तिने त्याला दिला. त्याने तिथेच अंगात घालून पाहिला. बाह्या किंचित लांब होत्या, बाकी बरोबर बसला. तो पाया पडून दाराकडे वळला.

"थांब रे," आई म्हणाली, आणि आत ब्रश आणायला गेली.