सातेरीचा पहिला पावसाळा: तीन पेट्या, त्यातली एक रिकामी

मधमाश्यांबद्दल बाहेरदेशीचं काहीही वाचायला घ्या, हिवाळ्यातल्या खाद्यावर पानंच्या पानं. आमच्या जावळीच्या डोंगरात मात्र सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीचा, हिवाळा जूनमध्येच लागतो. जांभूळ आणि हिरडा सरले की फुलोरा संपतो, आणि मग पाऊस माश्यांना दारातून बाहेरच पडू देत नाही. मी तर मेमध्ये मधकोठ्यातला (पेटीवरचा मध साठवायचा कोठा) सगळा मध काढून घेतला होता. पहिलंच वर्ष, हाव सुटली.

९ जून. तिन्ही पेट्यांना पहिला पाक. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी गरम करून खाली उतरवायचं, मग साखर विरघळवायची. साखर करपली तर तो पाक माश्यांना सोसत नाही, आणि गुळाने त्यांना हगवण लागते. त्यामुळे पांढरी साखरच. पाक करवंटीत ओतून चौकटींच्या (यांत माश्या पोळी बांधतात) वर ठेवला, त्यात वाळक्या काड्या टाकल्या. काड्या नसतील तर माश्या पाकातच बुडून मरतात. पेटी ठेवायच्या घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंगळे आधी पोचतात.

२४ जून. प्रवासी बॅगेच्या काट्याने पेटी मागून उचलून वजन बघतो आणि आकडा दुप्पट धरतो. अंदाज येण्यापुरतं पुरतं. तिन्ही पेट्या पंधरा दिवसांत जड झालेल्या बघून मी खूश. दुसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळाली म्हणून झाकण काढलं, तर पोळ्यांच्या मध साठवायच्या कडा रिकाम्याच! वाढलेलं वजन भिजलेल्या लाकडाचं होतं. पावसात काट्यावर विसंबू नका, चौकट वर काढून डोळ्यांनी बघा. तेव्हापासून पाक आठवड्यातून दोनदा, दर पेटीला पाव लिटर.

११ जुलै. इथे माझी चूक झाली, आणि ती मोठी होती. चार दिवसांनी ऊन पडलं म्हणून भर दुपारी पाक द्यायला गेलो. हात हलला आणि दोन नंबरच्या पेटीच्या तळपाटावर पाक सांडला. दहा मिनिटांत एक नंबरच्या माश्या तिथे हजर. दारात कुस्त्या, खाली मेलेल्या माश्यांचा सडा. ओलं गवत टाकून दार एका माशीपुरतं अरुंद केलं, पण तोवर दोन नंबरची लूट झालेली. शेजारच्या वाडीतले जुने मधपाळ काका संध्याकाळी आले आणि पेटी उघडून एवढंच म्हणाले, "माश्या चार चौकटींच्या, घर आठ चौकटींचं. राखणार कोण?" खरं होतं. माश्यांनी न झाकलेल्या पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्यांची जाळी लागली होती. ती पोळी काढली, पण उशीर झाला होता. राणी अंडी घालायची थांबली, मेणाच्या झाकणाखालची पिल्लं बाहेर पडली, आणि २६ तारखेला पेटी रिकामी. सातेरी अशीच जाते, मागची पिल्लं आटोपून. दहा-बारा दिवस नवी अंडी दिसली नाहीत तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उरलेल्या दोन पेट्यांत लगेच पोळी कमी केली, माश्या दाट बसतील एवढीच ठेवली. पाक फक्त अंधार पडताना, दोन्हींना एकाच वेळी, सकाळपर्यंत संपेल तेवढाच. दमट हवेत उरलेला पाक दोन दिवसांत आंबतो. (आमच्या घरी तोवर साखरेच्या डब्याला कुलूप लागलं होतं.)

१९ ऑगस्ट. मक्याचे तुरे आले. माश्यांच्या पायांवर फिकट पिवळे गोळे. आठवडाभरात तीन नंबरमध्ये अंडी वाढली. पाक सारखाच होता, फरक परागाचा. साखरेने माशी जगते, पण पिल्लं वाढवायला पराग लागतो.

७ सप्टेंबर. कड्यावर तेरडा फुलला आहे. माश्या पाठीवर पांढरट पूड घेऊन येतात. काल ठेवलेली करवंटी आज जवळपास भरलेलीच, म्हणजे बाहेर मिळायला लागलं. पाक बंद. मधकोठा लगेच चढवणार नाही. खालच्या कोठ्यातली साखर त्यांनी खाऊन संपवू दे, नाहीतर तीच वर चढवतील आणि मी मध म्हणून लोकांना पाक देईन.

एक नंबरच्या माश्या साडेपाच चौकटींवर, तीन नंबरच्या चारांवर. दोन नंबरची पेटी धुऊन उन्हात ठेवली आहे.