एल पासोत एक शनिवार, आणि बुटांच्या लेस

अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला गेले होते ती शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्ससाठी. पांढरीशुभ्र जिप्समची वाळू, डोळे दिपतात, फोटो टाकलेत, झालं.

लिहायचंय ते वेगळंच. मावसबहिणीकडे उतरले होते, ती शनिवारी अनन्सिएशन हाऊसला मदतीला जाते, म्हणाली घरी बसून काय करणार, चल. बॉर्डर ओलांडून आलेल्यांसाठी कॅथलिक लोकांनी 1978 पासून चालवलेलं शेल्टर, लाल विटांची जुनी इमारत, मेक्सिकोची बॉर्डर अगदी जवळ. चर्चवाले म्हटल्यावर आधी प्रार्थना मग जेवण असेल असं वाटलेलं, पण धर्माचं कोणी अवाक्षर काढलं नाही, आल्या आल्या माझ्या हातात कांदे दिले.

तिथे ग्वाटेमालाची एक बाई आली, बरोबर चारेक वर्षांचा मुलगा. दोघांच्याही बुटांना लेसच नाहीत, पाय घासत चालत होती. बहीण म्हणाली, बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे सीमेवरच्या सरकारी पोलिसांनी, पकडलं की लेस, बेल्ट सगळं काढून घेतात आणि सोडताना बऱ्याचदा परत मिळतच नाही. बहिणीने खोक्यातून लेस काढून दिल्या, एक पांढरी, एक गुलाबी, जोडी काही जमेना. टोकाचं प्लास्टिक निघालेलं, तर बाईने टोक थुंकीने ओलं केलं, पीळ दिला आणि आधी पोराचे बूट ओवले. स्वतःचे नंतर. मग ह्यूस्टनच्या चुलतभावाला फोन, बसचं तिकीट तो काढणार होता, फोन उचलतोय कुठे! इथे तिला दुसरं कोणी नाही, डोक्यावर छप्पर म्हणाल तर हेच.

आणि मला राग याचा येतो की तेव्हा केंद्र सरकारचेच लोक माणसं सोडायची तर इथे आणून सोडायचे, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये टेक्सासचे अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, केन पॅक्सटन याच शेल्टरवर केस करतात, म्हणे इथे बेकायदा लोकांना लपवतात. लपवतात कसले, सरकारी गाडी दारात यायची!



चारच्या सुमारास त्या बाईच्या चुलतभावाचा फोन लागला, तिकीट रात्रीच्या बसचं. बहिणीने "मला इंग्रजी येत नाही, कृपया मदत करा" असं इंग्रजीत लिहिलेला कागद तिच्या पाकिटाला चिकटवला.

कोणी जाणार असाल तर जुने कोट नेऊ नका, त्यांचे ढीग पडलेत. नवे मोजे न्या, छोट्या साइझचे बूट न्या, आणि लेस, जोडीने.