छान आहे

एकोणिसाव्या वर्षी मी माझी पहिली पूर्ण कथा सात जणांना पाठवली होती. (अर्धवट कथा त्याआधी पुष्कळ होत्या. त्या मोजायच्या नसतात.) सोबत एक ओळ लिहिली होती, "अभिप्राय कळवा, अगदी परखड." सातपैकी चौघांचं उत्तर आलं, "छान आहे." त्यातल्या एकीनं 'छान'ला तीन काने जास्तीचे लावले होते, त्यावर मी दोन दिवस काढले. दोघांनी नुसता अंगठा पाठवला. सातव्यानं ती अजून वाचलेली नाही. "रविवारी नक्की वाचतो" असं तो म्हणाला होता. कुठला रविवार, ते आमचं ठरायचं राहून गेलं.

त्या रात्री मी 'छान' या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. पडदे छान असतात. हवा छान असते. दुसऱ्याचं लहान मूल, ते रडत नसेल तर, छान असतं. कुणाला न दुखावता दार हळूच लावून घ्यावं तसा हा शब्द आहे. आवाज होत नाही, पण दार लागतं.

अर्थात मला तरी परखड कुठं हवं होतं? मला हवं होतं ते असं, की कुणीतरी तिसऱ्या पानावर थांबून फोन करावा, आवाज जरा कापरा असावा, आणि "हे तुला सुचलं कसं?" एवढंच विचारावं. उत्तर मी तयार ठेवलं होतं.

ते उत्तर खोटं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. प्रेरणा म्हणजे खिडकी, पाऊस, एकटेपणा आणि कोरी वही, असा माझा तेव्हा समज होता. जाड कागदाची वही मी घेतलीही होती. तिच्यात आजतागायत एक ओळ उतरलेली नाही, कारण इतक्या देखण्या वहीत लिहिण्याच्या लायकीचं वाक्य कधी आलंच नाही. कथा आल्या त्या पाकिटांच्या मागच्या बाजूला आणि फोनमध्ये, किराणा सामानाच्या यादीखाली.

पहिली कथा मुळात लिफ्टमध्ये सापडली. एक बाई फोनवर बोलत होत्या. "नाही, त्याला तू सांगू नकोस. मी सांगते." मग जरा थांबून, "म्हणजे, सांगणार नाहीच आहे." लिफ्ट थांबली, बाई गेल्या. कुणाला, काय, का, यातलं काहीच मला कळलं नाही. म्हणूनच बहुधा ते वाक्य आठवडाभर मला चिकटून राहिलं. याउलट लोक आपणहून सांगतात, "अगं, आमच्या मामांच्या आयुष्यावर कादंबरी होईल!" आणि सगळं सविस्तर ऐकवतात. मामा खरोखर थोर असतात, पण त्यावर मला एक ओळ लिहिता आलेली नाही. ती गोष्ट सांगणाऱ्यानं आधीच पुरी करून आणलेली असते. मला शिरायला फट लागते. लिफ्टमधल्या बाईंनी ती ठेवली होती, मामांच्या भाच्यांनी लिंपून टाकली होती.

सुचलं तरी रोज बसायचं कशाच्या जोरावर, हा त्यापुढचा प्रश्न. इथं मला ट्रॉलप आठवतो. अँथनी ट्रॉलप इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःवर दंडक घालायचा. अशा रीतीनं त्यानं ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र आलं, त्यात हे सगळं त्यानं बिनदिक्कत सांगून टाकलंय. मला त्यातला सर्वांत लोभस तपशील वेगळाच वाटतो. पहाटे उठवण्यासाठी त्यानं एका म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे लावून दिले होते. म्हणजे ४७ कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसालाही आपण आपल्या हिमतीवर उठू असा भरवसा नव्हता! मी गजर चार वेळा पुढं ढकलते, तेव्हा त्या म्हाताऱ्याची फार उणीव भासते.

असो. मूळ दुखणं अभिप्रायाचं.

'परखड' हा शब्द सढळ हातानं वापरणाऱ्यांनी फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर काय गुदरलं ते ऐकावं. १८४९ साल, वय २७. संत अँथनीवरचं भलंथोरलं लिखाण त्यानं संपवलं आणि लुई बुये आणि मॅक्सिम दु काँ या दोन जिवलग मित्रांना घरी बोलावलं. अट एकच, संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मग तो वाचायला बसला. रोज आठ तास, असे चार दिवस. बत्तीस तास दोघं मुकाट ऐकत होते. (मैत्री म्हणावी ती ही. मला सात पानांना माणसं मिळत नव्हती.) वाचन संपल्यावर त्यानं मत विचारलं. उत्तर आलं, हे आगीत टाक आणि पुन्हा त्याचं नाव काढू नकोस. दु काँनंच हे पुढं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलंय.

फ्लोबेरनं ते जाळलं नाही. बाजूला ठेवलं, मधून मधून पुन्हा हातात घेतलं आणि अखेर १८७४ मध्ये छापलं. दरम्यान १८५१ पासून जवळजवळ पाच वर्षं घासून त्यानं गावातल्या डॉक्टरच्या कंटाळलेल्या बायकोची कादंबरी लिहिली, 'मादाम बोव्हारी'. आज त्याचं नाव घेतलं जातं ते मुख्यतः तिच्यामुळे. हा किस्सा सांगणारे इथंच थांबतात आणि म्हणतात, बघा, परखडपणानं लेखक घडतो. मला मात्र त्यात ते बत्तीस तास मोठे वाटतात. शेवटपर्यंत ऐकून घेऊन आलेलं 'जाळून टाक' आणि दोन पानं चाळून आलेलं 'छान', यांतलं मी पहिलं घेईन. घेईन, असं आत्ता म्हणते. एकोणिसाव्या वर्षी अंथरूण धरलं असतं.

बरं, स्तुतीनं काही होत नाही असंही नाही. १८८६ मध्ये २६ वर्षांच्या चेखवला ग्रिगोरोविच या बुजुर्ग लेखकाचं पत्र आलं. चेखव तेव्हा डॉक्टरकी करत होता आणि टोपणनावानं नियतकालिकांसाठी भराभर गोष्टी लिहीत होता. ग्रिगोरोविचनं कळवलं, तुझ्याकडे अस्सल प्रतिभा आहे, ही घाईची लिखापढी सोड. चेखवनं उत्तरात कबुली दिली, की एकाही कथेवर एका दिवसापेक्षा जास्त वेळ घालवल्याचं आपल्याला आठवत नाही, आणि तुम्हाला जी आवडली ती तर आंघोळीच्या छपरीत बसून लिहिली! इतका ओशाळलेला आनंद मी दुसऱ्या कुठल्या पत्रात वाचलेला नाही. ते कौतुक होतं खरं, पण उसनं दिलेल्या पैशासारखं. परत करायचं होतं.

मला ग्रिगोरोविच भेटले नाहीत. लिहिणारे मित्र भेटले, पण त्यांना कथा दाखवली की ते त्यांची कथा सांगू लागत. मग मी ताईकडे गेले. ताई कथा वाचत नाही. ती औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी मात्र शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. मी तिला सात पानं आणि पेन्सिल दिली. म्हटलं, "चांगलं-वाईट काही सांगू नकोस. वाचताना जिथं जिथं लक्ष उडेल तिथं समासात रेघ मार. बस."

पानं परत आली तेव्हा अकरा रेघा होत्या. एक तर थेट चांदण्याच्या वर्णनावर. त्या वर्णनावर माझे दोन दिवस गेले होते.

"इथं काय झालं?"

"इथं मला वाटलं, नळ चालू राहिला. जाऊन बघून आले."

"मग?"

"बंद होता."

यावर काय बोलणार? 'छान'शी वाद घालता येतो, स्वतःची समजूतही घालता येते. बंद नळाशी कसा घालणार? चांदण्याऐवजी पाऊस टाकून बघ, असा सल्लाही ती देऊन गेली. तो मी ऐकला नाही, आणि ताईचं कुठं ऐकायचं नि कुठं नाही हे मला तिथंच उमगलं. कुठं दुखतंय ते तिला अचूक कळतं, औषध मात्र ती कुठलंही देते. चांदणं मी काढून टाकलं. त्याच्या जागी काहीच घातलं नाही.

पाचव्या आणि सहाव्या पानावर एकही रेघ नव्हती. तिथं एक मुलगा वडील गेल्यानंतर त्यांचे शर्ट घड्या घालून ठेवतो, एवढंच होतं. घाईत लिहिलेलं, बहुतेक काढून टाकणार होते.

"इथं रेघ राहिली का मारायची?"

"नाही, असेल तिथं मारली आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली. पाचेक मिनिटांनी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "त्यानं तो निळा शर्ट मग घातला का गं?"

कथेत ते नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी जाड कागदाची ती वही बाजूला सारली आणि एक पाकीट उलटं करून लिहायला बसले.

हा लेखही आधी तिलाच दिला होता. तिनं एकच रेघ मारली. ती कुठं आहे ते मी सांगत नाही. तुम्ही मध्येच मान वर करून जिथं फोन बघितलात, तिथंच असेल.