तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रोकनंतर सारखं रडू येतं, ते डिप्रेशन असतं का?

हात थोडा हलायला लागला, काठी घेऊन चार पावलं पडू लागली, की घरच्यांचा हा प्रश्न हमखास येतो. "तब्येत सुधारतेय, मग हे रडतात का? खचलेत का?" कधी हो, पण बऱ्याचदा नाही. लांबून सारख्याच दिसणाऱ्या तीन गोष्टींची इथे गल्लत होते.

पहिली म्हणजे नुसतं रडू. नातवाचा फोन येतो, 'आजोबा' एवढंच कानावर पडतं आणि हुंदका फुटतो. फोन ठेवायच्या आत डोळे कोरडे. विचारलं तर म्हणतात, "काही नाही रे, आपोआप येतं." ते खरंच आपोआप असतं. रडण्या-हसण्याला लगाम घालणाऱ्या मेंदूतल्या वाटांना इजा झाली की भावना टिचभर आणि रडू हातभर. काहींना भलत्या वेळी हसू फुटतं, आणि त्याची लाज रडण्याहून जास्त वाटते. "काय झालं, का रडताय?" असं खोदून विचारलं की उमाळा वाढतो. आपण आपलं बोलणं चालू ठेवावं, नाहीतर विषय बदलावा. पेशंटने श्वास सावकाश सोडावा, बसल्या जागी जरा हलावं. पाहुण्यांना दारातच कल्पना द्यावी. फारच वारंवार होत असेल तर डिप्रेशनवरच्या काही गोळ्या यालाही लागू पडतात. गोळी लिहून दिली म्हणजे डिप्रेशनच आहे, असं नव्हे.

दुसरी गोष्ट खरं डिप्रेशन. ते साधारण तिघांपैकी एकाला कधी ना कधी गाठतं. ते मिनिटभरात ओसरत नाही. दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली असतं. झोप, भूक आणि थकवा यांवरून मात्र ठरवू नका, ते नुसत्या स्ट्रोकनेही बिघडतात. आवडीच्या गोष्टीतली गोडी गेली का आणि "माझा आता काय उपयोग" हे बोलणं वाढलं का, ते पाहा. जगणं नको असं बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गोळ्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि घरचे दहाव्या दिवशीच "फरक नाही" म्हणून त्या बंद करतात. वयस्कर पेशंट गोळी सुरू झाल्यावर गोंधळलेला किंवा सुस्त वाटला तर रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगावं. मग खबरदारी म्हणून सगळ्यांनाच गोळी का देत नाहीत? २०१८ साली जाहीर झालेल्या 'फोकस' नावाच्या औषध-चाचणीत स्ट्रोकच्या पेशंटना सरसकट सहा महिने फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी देऊन पाहिली. डिप्रेशन थोडं कमी झालं, पण हालचाल सुधारली नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

वाचा गेलेल्या माणसाचं डिप्रेशन ओळखणं सगळ्यात अवघड. तो कशालाही 'हो' म्हणू शकतो, म्हणून आधी उत्तर ठाऊक असलेला एखादा प्रश्न विचारून त्याचा होकार तपासा. मग नुसतं पाहत राहा: नजर टाळतो का, व्यायामाला हात झटकतो का, रात्री जागा असतो का.

तिसरी गोष्ट निरिच्छपणा. हा माणूस दुःखी नसतो. त्याच्याकडून कामाला सुरुवातच होत नाही. घरात यालाच आळस म्हणतात आणि सगळ्यात जास्त बोलणी यालाच बसतात. डिप्रेशनच्या गोळ्यांनी इथे फारसा फरक पडत नाही. "आंघोळ करता का?" असं विचारू नका, टॉवेल हातात द्या. पहिली पायरी आपण चढवून दिली की पुढचं बरंचसं तो स्वतः करतो.

आणि थकवा. तो या तिन्हींचं सोंग घेतो. चांगल्या दिवशी दुप्पट व्यायाम, मग दोन दिवस अंथरूण, हे चक्र तोडायचं तर दमायच्या आधी थांबावं लागतं. महत्त्वाची कामं अंगात ताकद असते त्या वेळेला, बहुतेकांच्या बाबतीत सकाळी, उरकावीत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी चौदा दिवस एक वही ठेवा. रडू किती वाजता आलं, त्याआधी काय चाललं होतं, किती मिनिटं टिकलं, आणि नंतर माणूस जेवायला बसला की भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.